वाढदिवस चासीचा की इंजिनाचा?

बॉनेट कुर्ल्याच्या भंगारात, हेडलाइट चोरबाजारात, आणि कुठेच न मिळणारं बुश आनंदनगर एमआयडीसीतल्या लेथवर. सुटे भाग जमवून जुनी फियाट उभी करायची, तर अंबरनाथ पूर्वेइतका सोयीचा पत्ता नाही. शेजारी उल्हासनगर आहेच. तिथल्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्यांना पाठ. ग्रिलवर हव्या त्या कंपनीचं नाव बसायला कितीसा वेळ?

घोडं अडतं ते कायद्यात. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अट एवढीच की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आता चासी 1964ची, इंजिन 1978चं आणि दार कुणाच्या तरी टॅक्सीचं. केक कोणासमोर कापायचा? त्यातून ही गाडी रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, अशा मोजक्याच कामांची मुभा. पेट्रोल भरायला जाता येतं, जाळायला मात्र निमित्त हवं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने वेगळीच वाट धरली. त्याने भंगारातून किक मारून सुरू होणारी जीपवजा गाडी केली आणि तिचा व्हिडिओ गाजला. ती नियमात बसत नाही हे सांगतच आनंद महिंद्रांनी डिसेंबर 2021मध्ये बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढच्या महिन्यात दिलीही.

तेव्हापासून हौशी मंडळी वेल्डिंगच्या आधी व्हिडिओवाला गाठत असतील, तर दोष कोणाला द्यावा?