नानांची येझदी हिवाळ्याला बसते

उज्जैनला फ्रीगंजात मराठी घरांच्या गल्लीत एक तरी नाना असतातच. कुणाचे पणजोबा शिंद्यांच्या पागेत होते, कुणाचे आजोबा माधव कॉलेजात शिकवायचे. खुद्द नानांची नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, मुलगा टोरांटोला गेला आणि घरात उरली येझदी. मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तेव्हापासून नाना तिचा उल्लेख घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा करतात. ‘तिला विचारून सांगतो,’ असंही एकदा म्हणाले होते.

मुलानं फोनवर सहज सांगितलं, की तिकडे बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं लोखंड सडतं; म्हणून लोक नोव्हेंबरात मोटरसायकल झाकून ठेवतात ती थेट एप्रिलात काढतात. झालं. नानांना आयुष्याचं कार्य सापडलं. उज्जैन कर्कवृत्ताला खेटून आहे. जंतरमंतरमधल्या शंकूची सावली 21 जूनच्या दुपारी कशी नाहीशी होते, हे पाहुण्यांना तिथं नेऊन दाखवणारे नानाच. पण बर्फाचं काय, असं विचारलं तर म्हणतात, “अरे, सावध असलेलं बरं!”

त्रिपुरी पौर्णिमेला गाव शिप्रेवर दिवे सोडायला जातं, नाना अंगणात पाने मांडतात. येझदी मधल्या स्टँडवर चढते. बॅटरी निघते, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. हा क्रम चुकवणाऱ्याला नाना माणसात धरत नाहीत. बॅटरीला गारठा बाधू नये म्हणून ती स्वयंपाकघरात येते आणि लोणच्याच्या बरणीशेजारी पाटावर बसते. मग प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल आत सोडायचं आणि हलक्या हातानं किक फिरवायची, म्हणजे सिलिंडरला आतून गंज धरत नाही. हे शास्त्र अगदी बरोबर आहे. फक्त ऑइल सोडायला नाना संध्येची पळी घेतात, त्यावरून काकू दोन दिवस बोलत नाहीत. येझदीला सायलेन्सर दोन, म्हणून उंदीर शिरू नये यासाठी बोळेही दोन. वरून रजई. घरातली चांगली रजई. पाहुण्याला चादर मिळते.

खरा पेच टाकीचा. जुना नियम असा, की टाकी काठोकाठ भरावी. आत हवा उरली नाही की दमट होऊन पत्रा गंजण्याचा प्रश्नच नाही. पण हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फार झालं की पाण्यासकट तळाला जाऊन बसतं. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणजे भरली तरी पंचाईत, रिकामी केली तरी पंचाईत. नानांनी तोड काढली: त्रिपुरीला भरायची, संक्रांतीला काढायची. काढलेलं पेट्रोल वाया कशाला घालवा, म्हणून ते काकूंच्या अ‍ॅक्टिव्हात. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असतं, हे काकूंना टॉवर चौकात मागच्या रिक्षावाल्याकडून कळलं. त्या धुरात तीळगूळ घ्या म्हणणं जरा जड गेलं असणार.

मेकॅनिकनं एकदा धीर करून म्हटलं, “बाबूजी, खड़ी-खड़ी ज़्यादा बिगड़ती है, थोड़ा चला लिया करो।” नाना नंतर मला हळूच म्हणाले, “हात चांगला आहे त्याचा. थिअरी नाही.”

आता माळव्यात मोटरसायकल चालवायचे दिवस कोणते, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रस्ते कोरडे, ऊन कोवळं, देवास रोडला हिरवा गहू. नेमके तेच चार महिने येझदी रजईत आणि नाना काकूंच्या मागे, कानटोपी घालून, “ब्रेक जपून, क्लच—नाही का हिला, बरं,” अशा सूचना देत. महाशिवरात्र झाली, महाकालाची वर्षातून एकदाच होणारी दुपारची भस्मारती झाली, की रजई निघते. तोवर ऊन चढू लागलेलं. एप्रिलात सीट तापते, जुलैत चिखल. उरला दसरा. त्या दिवशी झेंडूचा हार घालून स्वारी बायजाबाईंच्या गोपाळ मंदिरापर्यंत जाते आणि परत येते. येझदीत किकचा दांडाच पुढे गिअरचं काम करतो, हे छत्री चौकात जमलेल्या पोरांना सांगण्यात त्यातला बराच वेळ जातो. परतल्यावर नाना टायर पुसत म्हणतात, “यंदा फार झालं तिला.”

2028 चा सिंहस्थ ऐन उन्हाळ्यात आहे. त्या गर्दीत गावात गाड्या अडवणारच, हे ओळखून नानांनी उन्हाळ्यात गाडी ठेवण्याची वेगळी यादी आत्ताच करायला घेतली आहे. पहिल्या कलमात वाळ्याचा पडदा आहे. काकूंनी कूलर लपवून ठेवलाय.