वीरूचं बाळंतपण

"दोन्ही नर आहेत," क्रॉफर्ड मार्केटातल्या विक्रेत्याने एकेकाला उताणं करून, क्षणभर न्याहाळून सांगितलं. इतक्या ठामपणे आमच्याकडे फक्त आजी बोलायची, त्यामुळे बाबांचा विश्वास बसला. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून जय आणि वीरू लोकलने परळच्या चाळीत आले. साल १९८८, माझं वय नऊ.

आजीने दारातच अडवलं. "काय म्हणतात याला?"

"गिनीपिग."

"पिग म्हणजे?"

धाकट्या बहिणीने प्रामाणिकपणे अर्थ सांगितला. आजीने पदर नाकाला लावला. मग बाबांनी मुलांच्या ज्ञानकोशातलं पान मोठ्याने वाचलं. हे डुक्कर नव्हे, गिनीचंही नव्हे. मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, उंदराच्या लांबच्या नात्यातलं. "आणि पेरूत…" इथे बाबा थबकले. पेरू देशात लोक हे आवडीने खातात, असं पुढे छापलं होतं. ते वाक्य त्यांनी गिळलं. बहिणीने फक्त 'पेरू' ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्यातला अर्धा पेरू पेटीत टाकला. तो बरोब्बर लागू पडला. माणसासारखंच यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

"उंदीर होय! मग बाप्पाचं वाहनच की," म्हणत आजीनेही शस्त्र खाली ठेवलं. संकष्टीच्या दूर्वा दुसऱ्या दिवशी जय-वीरूकडे जाऊ लागल्या. दूर्वेचं एक टोक दातांत धरलं की बाकीची काडी शेवईसारखी सरसर आत जायची. फारच खूश झाले तर दोघं कढईतल्या लाहीसारखे जागच्या जागी टणकन उडायचे.

गॅलरीतल्या आंब्याच्या पेटीतली रद्दी रोज बदलायचं मी आईच्या गळ्याची शपथ घेऊन कबूल केलं होतं. पाच दिवस बदललीही. पुढे आईने बदलली, माझ्या नावाने खडे फोडत. तिची खरी तक्रार वेगळीच होती. भाजीची पिशवी कुठेही खुसखुसली की गॅलरीतून 'कुईऽऽ कुईऽऽ' असा गजर व्हायचा, त्यामुळे तिला दुपारचं फरसाणसुद्धा गुपचूप खाता येईना.

श्रावणात वीरू सुटला. आम्ही म्हटलं, पेरू मानवला.

"अवघडलाय तो," आजी म्हणाली.

"आई, नर आहे तो."

"मी पाच बाळंतपणं काढली. तू किती काढलीस?"

चौथ्या दिवशी सकाळी पेटीत तीन पिल्लं होती. उघडे डोळे, अंगभर केस, तोंडात दात. आणि तासाभरात धावायलाही लागली. आजी जरा हिरमुसलीच. "मेली तेल लावायलासुद्धा थांबली नाहीत!" पण बाळंतिणीला शेपू हवा म्हणून जुडी मात्र लगेच आणवली. घरात शेपू आवडीने खाणारं माणूस, म्हणजे प्राणी, प्रथमच भेटला होता.

संध्याकाळी बाबांनी पेटीत फळी ठोकून जयला वेगळं केलं. पण बाळंतपणानंतर काही तासांतच ही मादी पुन्हा गाभण राहू शकते. दोन महिने उलटून गेल्यावर आणखी चार झाली.

शेवटी बाबा खोकं घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले. त्यांनी दोन पिल्लं एकेक करून उताणी केली, क्षणभर न्याहाळली.

"दोन्ही नर आहेत," ते म्हणाले.

आत आजीला ठसका लागला.