चार मीटरच्या आतला माणूस

2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. सरकारच्या डोळ्यांसमोर तेव्हा चिमुकल्या गाड्या असणार. पण सवलत दिसली की तिच्यात बसण्यापुरतं अंग चोरायला आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कंपन्यांनी उंच बोनेट लावलं, चाकं मोठी केली, छपरावर ज्यांना कधीच सामान बांधलं जाणार नाही असे रेल बसवले आणि मागचा भाग मापात कापला. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सॉनेट. कंपन्या चार, लांबी एकच : 3,995 मिलिमीटर. पाच मिलिमीटर सरकारसाठी मोकळे सोडलेले. रस्त्यावर रुबाब मोठ्या गाडीचा, कागदावर कर छोट्या गाडीचा.

अशी गाडी तयार झाल्यावर तिला शोभेल असा मालक कुठून आणायचा, हा प्रश्न कंपन्यांना पडला नाही. तो पुण्यात, नाशकात, ठाण्यात, कोल्हापुरात आधीपासूनच तयार होता. तुमच्याही सोसायटीत आहे. त्याला आपण काका म्हणू. वय पंचेचाळीस ते साठ, नोकरी स्थिर, घराचे हप्ते संपत आलेले. आयुष्यात एकदाच हात सैल सोडायचा असं त्यांनी ठरवलं आणि तोही पाच मिलिमीटर आतच सोडला.

गाडी घेण्याआधी काका दोन वर्षं अभ्यास करतात. सगळ्या शोरूममधून चक्कर मारून होते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला मोटार वाहन कर 11 टक्के, त्यावर 12, आणि डिझेल म्हटलं की सुरुवातच 13 पासून, हे त्यांना पाठ असतं. मुलांना सनरूफ हवं असतं. सनरूफवालं मॉडेल नेमकं दहा लाखांच्या पलीकडे असतं. मग घरात बैठक बसते, आणि पुण्याच्या उन्हात छपराला भोक पाडण्यासाठी जादा टक्का भरणं हा शहाणपणा नव्हे, असा ठराव एक विरुद्ध तीन मतांनी मंजूर होतो. एक मत काकांचं.

शोरूममधल्या पोराशी होणारी घासाघीस तर ऐकण्यासारखी. विमा, नोंदणी, एक्स्टेंडेड वॉरंटी, हँडलिंग असं करत ऑन रोड किंमत दीड लाखांनी फुगते, ते काका निमूट सोसतात. आणि मडफ्लॅप फुकट मिळावेत म्हणून तीन वेळा शोरूम गाठतात. तिसऱ्या खेपेला मिळतात. डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, चाकांखाली लिंबं, सगळं होतं, पण फोटोत काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मडफ्लॅपचा असतो.

ज्या काकांनी 2025 च्या गुढीपाडव्याला, साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून, गाडी दारात आणली त्यांच्याशी जरा जपून बोलावं. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून 29 टक्के होता तो 18 वर आला. काकूंनी त्या दिवशी एवढंच विचारलं, "अहो, दसऱ्याला घेतली असती तर?" त्या घरात तेव्हापासून पंचांग भिंतीवर आहे, पण त्यात कोणी बघत नाही.

काकांचा खरा संसार मात्र मायलेजशी असतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही. तारीख, किलोमीटर, लिटर, पंप, शेरा. शेऱ्यात "एसी चालू", "सिग्नल फार", "सासूबाई सोबत" अशा नोंदी. पेट्रोल टाकीभर भरायचं, पाइपचा पहिला खटका वाजला की थांबायचं, पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच पाइपाने, पुन्हा खटक्यापर्यंत. पंपावरचा पोरगा रकमेचा आकडा गोल करायला आणखी थोडं ओतू लागला की काका असे ओरडतात की शेजारचा रिक्षावाला आपल्या मीटरकडे बघतो.

पुण्याच्या काकांचं दुःख जरा जास्त गहिरं आहे, कारण त्यांचा शत्रू त्यांना रोज सकाळी दिसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात मायलेज असतं, त्याच्यापुढे एआरएआय असं लिहिलेलं असतं. ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे, 1966 पासूनची संस्था. काका त्याच टेकडीवर फिरायला जातात. पत्रकात साडेसतरा, वहीत बारा पूर्णांक चार. या तफावतीचं कारण त्यांना चांगलं ठाऊक आहे. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. प्रयोगशाळेत रोलरवर उभ्या जागी चाकं फिरवतात, एसी बंद, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे, वेग कधीच ताशी 90 किलोमीटरच्या वर नाही. तिथे कर्वे रस्ता नाही. पुढे अचानक थांबणारी पीएमटी नाही. मागच्या सीटवर "काच खाली कर, वर कर" म्हणणारं कोणी नाही. हे सगळं मान्य करूनही टेकडीवरून उतरताना काका त्या फाटकाकडे एक नजर टाकतातच. देणं बुडवलेल्या नातेवाइकाच्या घरावरून जाताना टाकतात तशी.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून त्यांना दुसरा आरोपी मिळाला आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरणार हे शास्त्र झालं. काकांच्या वहीत मात्र टायरमध्ये हवा कमी असण्यापासून काकूंच्या क्लच दाबून धरण्यापर्यंत सगळ्या पापांपुढे हल्ली "ई-20" असाच शेरा असतो. अडचण एवढीच की काकूंचे भाऊ सांगलीकडचे, दहा एकर ऊस. दिवाळीत हा विषय निघाला की ते पुरणपोळीवर तूप ओतत शांतपणे म्हणतात, "दाजी, तुमचं एक किलोमीटर गेलं, आमचं बिल तरी वेळेवर आलं." काका तूपही नाकारू शकत नाहीत आणि मुद्दाही.

डिझेलवाले काका ही या जमातीतली वेगळी पोटजात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, आणि तो तापायला गाडी बऱ्यापैकी वेगात, न थांबता चालावी लागते. शहरात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगून फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. म्हणून दर काही रविवारी हे काका, कुठेही जायचं नसताना, कोणालाही बरोबर न घेता, खेड-शिवापूरच्या पलीकडे जाऊन परत येतात. टोल फास्टॅगमधून जातो. 15 ऑगस्ट 2025 पासून तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला, त्यामुळे हे दुःख निम्म्याने हलकं झालं. हाच पास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, कारण तो रस्ता राज्याच्या महामंडळाचा. म्हणून मुंबईत राहणाऱ्या लेकीपेक्षा साताऱ्यातल्या चुलतभावाकडे काकांचं जाणं वाढलं आहे.

सर्व्हिसिंगच्या दिवशी काका अर्धी रजा टाकतात. गाडी सोडून घरी यायची पद्धत त्यांना मान्य नाही. काचेच्या पलीकडे खुर्ची घेऊन, मशीनची कॉफी पीत, ते गाडीवर आणि गाडीला लागणाऱ्या हातांवर लक्ष ठेवतात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टॅब घेऊन येतो. "सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घेऊ? अंडरबॉडी कोटिंग? एसी डिसइन्फेक्शन?" काका चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे?" तो निघून जातो. हे मॅन्युअल संपूर्ण वाचलेला जगातला बहुधा हा एकमेव वाचक, आणि त्या पोराला ते कळून चुकलेलं असतं. बदललेला एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड हे सगळं काका परत मागून घरी आणतात. ते का, याला उत्तर नाही. माळ्यावर एक खोकं आहे. काकू त्याला हात लावत नाहीत.

उंदरांचं प्रकरण मात्र गंभीर आहे. उभ्या गाडीच्या उबदार बोनेटखाली उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. एक वायर गेली तरी बिल हजारांत. डांबरगोळ्या झाल्या, जाळी झाली, स्प्रे झाला. शेवटी कोणीतरी सांगितलं, तंबाखू ठेवा, उंदीर फिरकत नाही. ज्या माणसाने जन्मात सुपारी खाल्ली नाही, तो भर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीशी उभा राहून, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात तंबाखू मागतो. टपरीवाला सवयीने विचारतो, "चुना?" काका म्हणतात, "नको, गाडीसाठी आहे." ही बातमी काकांच्या आधी सोसायटीत पोचते, फक्त वाक्याचा उत्तरार्ध गळून.

आता ही गाडी घेतली कशाला, असं कोणी विचारलं तर काका सांगतात, ग्राउंड क्लिअरन्स. नेक्सॉनला 200 मिलिमीटरच्या वर. खड्डा असो, घाट असो, चिंता नाही. आणि हेच काका सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून गाडी तिरपी करून, एकेक चाक, अशी काही उतरवतात की मागचा पोरगा स्कूटरवरून उतरून ढकलायला येतो. कोकणात गेल्यावर किनाऱ्यावरच्या वाळूत गाड्या घालणारे महाभाग असतात. तिथे काकांच्या ज्ञानाला बहर येतो. दिसायला कितीही रानदांडगी असली तरी यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढची दोन चाकं ओढतात, वाळूत ती जागच्या जागी खड्डा खणतात, हे काका आपली गाडी अर्धा किलोमीटर मागे पे अँड पार्कमध्ये लावून, चालत येऊन, रुतलेल्या गाडीच्या मालकाला समजावून सांगतात. भरती येत असते. मालकाला तेव्हा व्याख्यान नको असतं, ट्रॅक्टर हवा असतो.

डाव्या मागच्या दारावर एक ओरखडा आहे. विम्यातून करून घेता आला असता. पण पाच वर्षं एकही दावा केला नाही तर विम्याच्या हप्त्यात, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरत्या भागात, 50 टक्के सूट मिळते. काकांचं चौथं वर्ष चालू आहे. म्हणून ओरखडा तसाच. पाहुणा आला की काका स्वतःच तो दाखवतात, आधी त्याला दिसू नये म्हणून. तो कोणी पाडला हे घरात बोललं जात नाही. काकूंना गाडी चालवता येते, आणि माझं मत विचाराल तर काकांपेक्षा बरीच बरी येते. मार्केट यार्डातून आंब्याची पेटी, नर्सरीतून कुंड्या, भावाकडून गुळाची ढेप, हे सगळं त्या मागच्या डिकीत भरून आणतात. कंपनीने ही गाडी ज्याच्यासाठी म्हणून जाहिरातीत दाखवली होती ते आयुष्य काकू जगतात. काका नंतर डिकीत वाकून हाताने माती वेचतात.

या माणसाला हसणं सोपं आहे. पण रात्री दोन वाजता तळमजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांपैकी कोणाची टाकी भरलेली होती, कोणाच्या चाकांत हवा बरोबर होती, कोणाची बॅटरी पहिल्या झटक्याला लागली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. काकांनी सीटवर चादर अंथरायला अर्धं मिनिट घेतलं, हेही पाहिलं आहे. वहीत त्या रात्रीची नोंद आहे. मायलेज चौदा. रस्ते मोकळे.

म्हणून एक सांगतो. जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल तर वेबसाइटी धुंडाळू नका, असा एखादा काका शोधा. पहिल्या दिवसापासूनची बिलं फाइलला लावलेली, पीयूसी कधीच न चुकलेली, दोन्ही किल्ल्या डब्यात, स्टेपनीला रस्त्याची धूळही न लागलेली. अशी गाडी बाजारात मिळणार नाही. भावात मात्र ते एक रुपया सोडणार नाहीत, तेव्हा उगाच घासाघीस करू नका. फार तर मडफ्लॅपचे पैसे वेगळे लावू नका म्हणा.