डोकं पेडलखाली, पाय स्वयंपाकघरात

इंग्लंडात जुनं मोटरहोम घेणारा माणूस एकाच वेळी घरमालक आणि ड्रायव्हर होतो, आणि दोन्हीकडची दुरुस्ती त्याच्याच गळ्यात पडते. आमचं धूड डिझेलवर चालणारं, तिशी ओलांडलेलं. गॅस, सिंक, पडदे, सगळं ठणठणीत. फक्त ॲक्सिलरेटर दाबणं हा व्यायाम होता. पेडल आधी अडून बसायचं आणि मग एकदम सुटायचं. गाडी हिसका द्यायची आणि मागच्या कपाटात ताटं-वाट्या आदळायच्या. "एवढा जोर लावतोस, तर खाली उतरून ढकलतच का नाही नेत?" असं बायकोने वेल्सच्या घाटात विचारलं.

इंग्रज माणूस हवामानाखेरीज आपणहून बोलत नाही म्हणतात. त्याच्यासमोर बॉनेट उघडून बघा. कॅम्पसाइटवरच्या समस्त निवृत्त मंडळींनी एकमताने इंधनाच्या पंपावर आरोप ठेवला. आई तेव्हा मिरजेहून आली होती. ती म्हणाली, "अरे, ह्यांच्या सायकलचा ब्रेक असाच जड व्हायचा. वायर गंजली असेल."

आणि खरंच, ही वायर सायकलचीच बहीण. नळीत सरकणाऱ्या या तारेचं पेटंट अर्नेस्ट बाउडेन यांनी 1896 साली घेतलं. नव्या गाड्यांत पेडलखाली सेन्सर असतो. आमच्यासारख्या जुन्या गाडीत मात्र पेडलपासून पंपाच्या दांडीपर्यंत हीच तार जाते.

इंजिन बंद ठेवून तार पंपाकडून सोडवली. दांडी बोटाने फिरवली तर लोण्यासारखी फिरली आणि स्प्रिंगने झटकन जागेवर आली. पंप निर्दोष. पेडल मात्र अजून जडच. आता तार पेडलकडूनही सोडवायची होती. त्यासाठी डोकं डॅशबोर्डखाली, पाठ दोन सीटांच्या मध्ये, दातांत टॉर्च आणि पाय थेट स्वयंपाकघरात. एवढीशी क्लिप निसटून कार्पेटखाली गेली, त्याच क्षणी मागून आई: "पाय काढ, फ्रिज उघडायचाय."

क्लिप सापडली, तार निघाली, पेडल मोकळं हललं. नळीला जिथे तीव्र वळण होतं तिथे तार तांबूस झालेली, दोन-तीन धागे तुटून उभे राहिलेले. हिवाळाभर दमट हवेत उभ्या गाडीचं हे असं होतं. अशा तारेला तेल पाजण्यात अर्थ नसतो; तुटका धागा नळीत अडकला तर दाबलेलं पेडल वर येणारच नाही, आणि घाटात तो प्रसंग व्यायामात मोडत नाही.

नवी तार आणली. तिच्या नळीला आतून प्लास्टिकचं अस्तर, त्यामुळे तेल सोडू नये अशी सूचना. आई बुधली घेऊन तयार. "थेंबभर तरी." वाटाघाटींनंतर तो थेंब पेडलच्या बिजागरीला मिळाला, आणि तिथे त्याची गरजही होती. मग बायकोने पेडल तळापर्यंत दाबायचं, आईने बॉनेटपाशी उभं राहून दांडीवर नजर ठेवायची. "गेली... आली... गेली... अगं, सोड की!"

आता पेडल हलकं आहे. इंजिन मात्र तेच. चढावर आमच्या मागे रांग पूर्वीइतकीच लागते. फक्त आता ती पायाच्या अंगठ्याने लावता येते.