तीन किलोंचा कारभार

लहान जातीचं पिल्लू घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे घरातल्या माणसांना शिस्त लावणं. पिल्लू काही दिवसांत आपलं नाव ओळखू लागतं आणि काही महिन्यांत शी-शूची जागाही. माणसांच्या बाबतीत एवढी आशा बाळगू नये. प्रस्तुत मार्गदर्शिका ज्या कुटुंबासाठी आहे त्याची रचना अशी गृहीत धरली आहे: दोन-अडीच खोल्यांचा फ्लॅट, सोफ्यावर पॉमेरेनियन किंवा शित्झू, आणि भोवती चार-पाच सज्ञान माणसं, ज्यांतल्या प्रत्येकाला कुत्र्यांतलं सगळं कळतं. अशा घरात दोन प्रश्न कायम लोंबकळत असतात. पिल्लाला काय आणि किती खायला घालायचं, हा पहिला. त्याचं निर्बीजीकरणाचं ऑपरेशन कधी करायचं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर सगळे एकाच वेळी बोलतात. दुसरा निघाला की टीव्हीचा आवाज वाढवला जातो. आमचं म्हणणं असं की हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. दोघांची उत्तरं एकाच आकड्यातून निघतात: वाढ पूर्ण झाल्यावर या प्राण्याचं वजन किती भरणार. माया, परंपरा आणि शेजारच्या काकूंचा अनुभव हे सर्व आदरणीय आहे. पण त्या आकड्यानंतर.

प्राथमिक आकडा

तो आकडा मिळवणंही वाटतं तितकं सोपं नाही. प्रमाणित पॉमेरेनियन तीन किलोंच्या आसपास थांबतो. आपल्याकडे पॉम म्हणून जे पांढरंशुभ्र, केसाळ, दारावरच्या बेलशी वैर धरणारं जनावर घरोघरी आहे, ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं आणि त्याचं वजन सहज दुप्पट भरतं. शित्झू चार ते सात किलोंच्या मधे कुठेतरी स्थिरावतो. म्हणून पिल्लू घेताना त्याच्या आईबापांचं वजन विचारावं, जमल्यास आईला प्रत्यक्ष पाहावं. विकणारा आई दाखवायला का-कू करत असेल आणि पिल्लू ‘अगदी एक महिन्याचं, एकदम गोड’ असेल, तर उठून यावं. २०१७ च्या श्वान-प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही.

आता हिशेब. कुत्र्याची भूक वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पशुवैद्यक जे सूत्र वापरतात ते आजोबांच्या साध्या कॅल्क्युलेटरवरही सुटतं: वजनाचा घन करा, वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, उरलेल्या आकड्याला ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला दिवसाला किती कॅलरी लागतात ते हाती येतं. दोन किलोंच्या पिल्लाचं उत्तर सुमारे ११८, तीस किलोंच्या लॅब्राडॉरचं सुमारे ९००. म्हणजे किलोमागे लॅब्राडॉरला ३० आणि या चिमुरड्याला जवळजवळ ६०. शिवाय साधारण चार महिन्यांपर्यंत वाढीपोटी याच्या तिप्पट लागतात आणि पुढे वाढ संपेपर्यंत दुप्पट. गरज मोठी आणि पोट मात्र एवढंसं. तेव्हा अन्न कसदार हवं, घास छोटे हवेत आणि पंगती जास्त: तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार, सहा महिन्यांपर्यंत तीन, त्यापुढे दोन.

आहारविषयक तरतुदी

येथे पहिली हरकत ठरलेली असते, की कुत्र्याला जरा उपाशी ठेवलं म्हणजे वळण लागतं. मोठ्या जातीचं धडधाकट कुत्रं एखादी वेळ जेवलं नाही तर बिघडत नाही, हे खरं. लहान पिल्लाच्या शरीरात मात्र साखरेचा साठा नावापुरताच असतो. काही तासांचा खंड पडला, त्यात थंडी वाजली किंवा जुलाब झाले, की रक्तातली साखर झपकन उतरते. पिल्लू पेंगतं, पाय लटपटतात, अंग थरथरतं आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर झटका येतो. अशा वेळी बोटाने मध किंवा साखरेचं पाणी हिरड्यांवर चोळावं आणि तडक डॉक्टर गाठावा; शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात चमच्याने काही ओतू नये. तात्पर्य, घरात संकष्टी पाळली जात असली तरी पिल्लाला तीतून वगळावं. चंद्रोदयापर्यंत थांबणं त्याला परवडत नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: गावाकडचा कुत्रा दूधभाकरीवर पंधरा वर्षं जगला. जगला असेल. जे सहाव्या महिन्यात गेले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून दूधभाकरीची कीर्ती अबाधित राहिली. तरी या हरकतीत अर्धं सत्य आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात जेमतेम दोन असतात, कुत्र्यात त्याहून पुष्कळ जास्त. माणसाच्या उष्ट्यापाष्ट्यावर राहता राहता कुत्र्याने भाकरी पचवायची विद्या मिळवली. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. वाढत्या हाडांना लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम नेमक्या प्रमाणात पुरवणं भाकरीला जमत नाही, आणि आईपासून तुटल्यावर अनेक पिल्लांना दूधही सोसत नाही. याच्या नेमका उलट पंथ म्हणतो की कुत्रा मूळचा लांडगा, त्याला नुसतं मटण घाला. लांडगा शिकार हाडांसकट खातो, हे या पंथाच्या ध्यानात राहत नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मग शरीर ती तूट पिल्लाच्याच हाडांतून भरून काढतं. सबब, लहान जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं संपूर्ण आहाराचं डॉगफूड हा मध्यममार्ग. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरकडून मापं लिहून घ्यावीत आणि कागद फ्रिजवर लावावा. डॉगफूडवर वरून कॅल्शियमची पावडर भुरभुरू नये. पिल्लू म्हणजे पुरणपोळी नव्हे, वरून सोडलेल्या प्रत्येक गोष्टीने तिची लज्जत वाढायला.

निषिद्ध पदार्थांची यादी घरातल्या श्रद्धास्थानांना धक्का लावते, म्हणून ती थोडक्यात उरकावी. रश्श्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा देता येत नाही. म्हणून सत्यनारायणाचा शिरा, त्यातले बेदाणे कितीही भक्तिभावाने पेरलेले असोत, पिल्लाच्या वाट्याला येऊ नये. चॉकलेट नको, झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगगम नको, आणि शिजवलेलं हाड नको, कारण त्याच्या कपच्या निघतात.

बिस्किटांबाबत धोरण

शास्त्र इथपर्यंत कुटुंबाला मान्य असतं. मतभेद बिस्किटावर होतात. तीन किलोंच्या, ऑपरेशन झालेल्या, वयात आलेल्या पॉमला दिवसाला अडीचशेच्या आसपास कॅलरी पुरतात. एका लहान ग्लुकोज बिस्किटात वीसेक असतात. चहाच्या वेळी घरातल्या चौघांनी एकमेकांच्या नकळत ‘एकच’ दिलं, तर दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा चहाबरोबरच संपला. माणसाच्या हिशेबात हे दोन्ही वेळचं पोटभर जेवून वर दोन वडापाव रोज खाण्यासारखं आहे, आणि खाणाऱ्याची उंची वीतभर. खाऊचा वाटा दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये असा दंडक आहे. तो पाळायचा तर संपूर्ण कुटुंबाला मिळून रोज एक बिस्किट येतं. ते कोणी द्यायचं याची आळीपाळी ठरवावी. याहून बरा उपाय म्हणजे सकाळीच दिवसभराचं डॉगफूड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये तोलून एका डब्यात काढावं आणि ज्याला प्रेम करायचं असेल त्याने त्याच डब्यातून करावं. वाटीने मोजू नये. आजीची वाटी शिगोशीग असते.

माप बरोबर आहे का, हे पाहण्याची परीक्षा फुकट आहे. केस बाजूला सारून पिल्लाच्या बरगड्यांवरून बोटं फिरवावीत. हाताची मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यासारखं लागलं तर पिल्लू रोड आहे. हात सपाट धरून त्याच्या पाठीवरून फिरवल्यासारखं लागलं तर ठीक. तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर डबा हलका करावा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पॉमच्या केसांनी भल्याभल्यांना फसवलं आहे. आणि लठ्ठपणा इथे दिसण्यापुरता राहत नाही. या जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि श्वासनलिका दबण्याचा दोष मुळात असतो, वाढलेलं वजन दोन्हींत भर घालतं.

शस्त्रक्रियेचा मुहूर्त

आता टीव्हीचा आवाज कमी करावा. वाढ पूर्ण व्हायला महाकाय जातींना दीड-दोन वर्षं लागतात; लहान जाती नऊ ते बारा महिन्यांत आटोपतात. हाडांची टोकं जुळून वाढ थांबण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असतो, म्हणून मोठ्या कुत्र्याचं ऑपरेशन फार लवकर केलं तर सांध्यांची दुखणी वाढतात. लहान कुत्र्यांत तसं होतं का, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पस्तीस जातींच्या नोंदींवरून तपासलं. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा की लहान जातींत सांध्यांचे विकार ऑपरेशनमुळे वाढलेले दिसले नाहीत. शित्झू आणि बॉस्टन टेरियर यांच्यात मात्र काही कर्करोगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, म्हणून शित्झूवाल्यांनी डॉक्टरांशी हा मुद्दा वेगळा बोलून घ्यावा. अमेरिकन पशुवैद्यकीय रुग्णालय संघटनेची २०१९ ची शिफारसही वजनावरच बेतलेली आहे: मोठेपणी साधारण वीस किलोंच्या आत राहणाऱ्या नराचं ऑपरेशन सहा महिन्यांचा झाल्यावर, मादीचं पहिल्यांदा हीटवर येण्याआधी, म्हणजे पाच-सहा महिन्यांची असताना, त्याहून मोठ्या नराचं वाढ थांबल्यावर. तेव्हा लॅब्राडॉरवाल्या मित्राचा ‘दीड वर्ष थांब’ हा सल्ला लॅब्राडॉरसाठीच राखून ठेवावा.

पुराव्याबाबत प्रामाणिक राहावं. पहिल्या हीटआधी ऑपरेशन केलेल्या मादीला स्तनांच्या गाठींचा धोका ०.५ टक्का, एका हीटनंतर ८, दोनांनंतर २६, हे आकडे सर्वत्र सांगितले जातात. ते १९६९ सालच्या एका अभ्यासातले आहेत आणि त्यांचा अर्थ बहुतेकदा चुकीचा लावला जातो: शंभरातल्या इतक्या कुत्र्यांना गाठी होतात असं ते सांगत नाहीत, ऑपरेशन न केलेल्या मादीला जेवढा धोका, त्याचा एवढा हिस्सा उरतो असं सांगतात. २०१२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि तो कच्चा ठरवला. पण गर्भाशयात पू होण्याच्या आजाराबाबत पुरावा भक्कम आहे. स्वीडनमध्ये निरोगी कुत्र्यांचं ऑपरेशन करण्याची फारशी रीत नव्हती, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदी कामी आल्या: दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ चौथा हिस्सा माद्यांना हा आजार झालेला होता. म्हातारपणी, ताप भरलेल्या अवस्थेत करावं लागणारं ऑपरेशन टाळायचं, तर तेच ऑपरेशन तरुणपणी, ठणठणीत असताना केलेलं बरं.

हरकती व त्यांचं निरसन

‘एकदा तरी तिला आई होऊ द्यावं’ ही हरकत सहसा अशा व्यक्तीकडून येते, जिला रात्री दोन वाजता दवाखान्यात जायचं नसतं. लहान जातीत पिल्लं थोडी आणि आईच्या मानाने मोठी असतात. प्रसूती अडते, सिझेरियनची पाळी येते, आणि दूध पाजताना आईच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येण्याचा धोका या आकारात जास्त. आई झाल्याने तब्येत सुधारते याला आधार नाही. ‘हे निसर्गाविरुद्ध आहे’ ही दुसरी हरकत. पॉमेरेनियन स्वतःच निसर्गाविरुद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तो आजच्यापेक्षा बराच मोठा होता. व्हिक्टोरिया राणीला लहान चणीचे आवडले आणि जात आकसत गेली. त्याला एसीत झोपवताना न आठवलेला निसर्ग ऑपरेशनच्या तारखेलाच आठवावा, हे विशेष. तिसरी हरकत, ‘हे काम महापालिकेचं, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी.’ २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. नराच्या बाबतीत घरातले पुरुष सभासद जी मूक हरकत घेतात, तिला वैद्यकीय आधार नाही. ती नोंदवून घ्यावी आणि पुढे जावं. मात्र ऑपरेशनने भुंकणं थांबेल असं कोणालाही सांगू नये. जागोजागी मुतणं आणि घराबाहेर पळणं कमी होतं. भित्रेपणा जात नाही, आणि बेलशी असलेलं वैर तसंच राहतं.

शेवटची हरकत, ‘ऑपरेशननंतर कुत्रं जाड होतं’, ही एकटी खरी आहे, आणि तिथेच दोन्ही प्रश्न एकमेकांना मिळतात. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज घटते, बऱ्याचदा वीस ते तीस टक्क्यांनी. जाड करतो तो जुन्याच मापाने भरलेला डबा. ज्या घरात डबा तोलला जातो त्या घराने ऑपरेशनला भ्यायचं कारण नाही. ज्या घरात तोलला जात नाही तिथे कुत्रं ऑपरेशनवाचूनही जाड होतंच.

अंतिम तरतूद

पाचव्या महिन्यात डॉक्टरकडे वजन करून तारीख घ्यावी. मादी आधीच हीटवर आली असेल तर दोन-तीन महिने थांबावं, कारण त्या काळात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो. आदल्या रात्रीपासून उपास हा माणसांचा नियम इतक्या लहान जीवाला लावू नये. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. दुधाचे दात पडायचे राहिले असतील, आणि लहान जातींत ते राहतातच, तर त्याच भुलीत काढून घ्यावेत. टाके निघेपर्यंत गळ्यातली कॉलर काढू नये, पिल्लू कितीही केविलवाणं बघो. टाके निघाले की पुन्हा वजन, पुन्हा कॅल्क्युलेटर, आणि डब्याचं नवं माप. घरातल्यांची मतं त्यानंतर सविस्तर ऐकून घ्यावीत. तोवर ऑपरेशन झालेलं असतं आणि डबा तोललेला असतो, तेव्हा त्यांनी काही बिघडत नाही.