उताणे नानाकाका

म्हैसूरची माणसं सकाळी पेपरात सोन्याचा भाव बघतात, आमचे नानाकाका कन्नंबाडी धरणाची पातळी बघतात. "124.80 फूट म्हणजे धरण फुल्ल. दारं उघडली की खाली श्रीरंगपट्टणात नदी बघता बघता चढते," हे ते काकूंना रोज ऐकवतात. "अहो, चहा निवतोय," काकू म्हणतात.

काका बँकेतून रिटायर झालेले. नदीत उतरण्याआधी तिच्याकडेही तारण मागतील.

त्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून गेलो होतो. टिळक टँकवर पोहायला शिकलेलो, त्यामुळे कावेरी म्हणजे काय, लांबलेला टँकच! श्रीरंगपट्टणाच्या संगमावर काकांनी तासभर पाण्याला पाय लावू दिला नाही. आधी वाळकं पान टाकून ओढ पाहिली. मग हरिगोलवाल्याशी (हरिगोल म्हणजे टोपलीसारखी गोल होडी) कन्नडात खलबत. त्यात 'सुळी' हा शब्द दहादा आला. कन्नडात सुळी म्हणजे भोवरा, पण आम्हाला कुणी सुळावर चढवतंय असंच वाटलं. मग धाकट्याच्या कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधला. "आम्ही विहिरीत भोपळे बांधून शिकलो. लाज कसली?"

मग प्रवचन. "अचानक गार पाण्यात पडलं की धाप लागते. तेव्हा हातपाय झाडायचे नाहीत. उताणं व्हायचं, कान बुडू द्यायचे, श्वास ठिकाणावर येऊ द्यायचा. ओढीशी भांडायचं नाही, तिरकं काठाकडे सरकायचं. आणि दुसरा बुडत असेल तर..."

इथे काकांचा पाय शेवाळावरून सटकला.

"काका गेले!" धाकट्याने बोंब ठोकली.

"गेलो नाही, तरंगतोय!" पाण्यातून उत्तर आलं. पोट आभाळाकडे, चष्मा मुठीत, आणि काका संथपणे पुढे चाललेले. आमच्यातला एक शर्ट काढायला लागला. "उडी मारायची नाही! कॅन फेक!" उताण्या काकांनी प्रवचन तुटलं होतं तिथून पुरं केलं. कॅन फेकला. काकांनी तो छातीशी धरला आणि एका हाताने हरिगोलवाल्याला खूण केली, रिक्षा थांबवावी तशी.

टोपलीतून परत येताना ते पुरते निथळत होते, पण चेहरा शाखा तपासून आलेल्या साहेबाचा. हरिगोलवाल्याने दोनशे रुपये मागितले. काकांनी दीडशेवर आणले.

घरी आल्यावर हिशेबाच्या वहीत ते दीडशे 'देवदर्शन' या सदरात पडले. काकूंनी अजून विचारलेलं नाही.