साक्षीदार खाचरात उभे आहेत

१९ जानेवारी २०१८. तेव्हाच्या औरंगाबादेत अखिल भारतीय वैदिक संमेलन भरले होते. केंद्रातले मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या वाडवडिलांपैकी कोणी लिहूनही ठेवले नाही आणि सांगूनही गेले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा.

कोणी पाहिले? प्रश्न चांगला आहे. विज्ञानाच्या तासाला प्रत्येक मुलाने तो विचारावा. पण विचारणाऱ्याने उत्तरासाठी थांबायला हवे, आणि त्या दिवशी उत्तर फार लांब नव्हते. सभागृहातून निघून पैठणच्या किंवा सिल्लोडच्या वाटेला लागले असते तरी पुरले असते.

२०१७चा खरीप आठवा. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली कपाशी गुलाबी बोंडअळीने आतून पोखरून टाकली होती. बीटी कपाशी देशात २००२ मध्ये आली, दोन जनुकांची बोलगार्ड-२ त्यानंतर चार वर्षांनी. बोंड खाल्ले की विष पोटात आणि अळी मेली, अशी ती योजना. पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते, तिचा पतंग होतो आणि पुढची अंडी तिच्या वंशाची पडतात. हंगामामागून हंगाम शेतात तिचेच गोत वाढत जाते. पहिल्या जनुकाला गुजरातेतली बोंडअळी दाद देत नाही, हे २०१० मध्ये खुद्द बियाणे कंपनीने जाहीर केले. पुढच्या सात वर्षांत दुसरे जनुकही निकामी ठरले. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सरकारला बोंडअळीग्रस्तांसाठी मदत जाहीर करावी लागली. त्यानंतर महिनाभरात त्याच मराठवाड्यात येऊन केंद्राचा मंत्री सांगतो की उत्क्रांती कोणी पाहिली नाही. ज्याच्या बोंडात सरकीऐवजी अळीची घाण निघाली, त्या शेतकऱ्याने ती पाहिली होती.

या प्रकरणातली एक गोष्ट मला फार लागते. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावायची होती. कशासाठी? तर तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या मूठभर पतंगांशी जुळावेत आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निघावी. ही सगळी युक्ती नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्तावर उभी होती. पण पुडीमागचे कारण शेतकऱ्याला कोणी नीट समजावले नाही. कारण कळले नाही म्हणून बहुतेकांनी ती बांधावर टाकून दिली, चार पैसे मिळतात म्हणून हंगाम संपल्यावरही कपाशी, म्हणजे फरदड, मार्चपर्यंत उभी ठेवली, आणि अळीला खायला मिळत राहिले. उत्क्रांती शिकवली नाही तर काय बिघडते, असे विचारणाऱ्याला मी हे उत्तर देतो. कर्ज काढून पेरलेले पीक जाते.

आमच्या पौडला कपाशी नाही. मुळशी तालुका भाताचा. म्हणून इथला पुरावा भाताच्या खाचरात आहे.

लावणीनंतर बेणणीला बसणाऱ्या बायकांना विचारा. भातात एक गवत असे येते की रोप लहान असताना ते भातच वाटते. तसेच पान, तसाच रंग, तसेच सरळ उभे राहणे. लोंबी बाहेर पडते तेव्हा कळते. हे सोंग त्याला दिले कोणी? बेणणाऱ्या हातांनीच. वेगळे दिसणारे रोप उपटले गेले, भातासारखे दिसणारे वाचले आणि त्याचे बी पुन्हा चिखलात पडले. चीनमध्ये या गवताच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात दिसले की भाताची ही नक्कल गेल्या हजारेक वर्षांत घडली आणि तिच्यामागे हाताने होणारी बेणणी होती. म्हणजे वर्षानुवर्षे ओणव्याने काम करणाऱ्या बायकांनी आपल्या हातांनी उत्क्रांती घडवली. त्यांच्या आजवरच्या कष्टांची नोंद त्या गवताच्या पानापानात आहे. पूर्वजांनी काही सांगून ठेवले नाही, असे म्हणणाऱ्याच्या यादीत या बायका पूर्वज म्हणून धरलेल्या नाहीत.

भाताचेही तेच. तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या रानभाताचा दाणा पिकला की गळून पडतो. त्या झाडाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, वंश त्यानेच पसरतो. माणसाने मात्र लोंबीला धरून राहिलेले दाणे घरी आणले, त्यातलेच पुढच्या वर्षी पेरले आणि हजारो वर्षांनी हाती आले ते न गळणारे, झोडपल्याशिवाय न सुटणारे भात. मुळशी-मावळातला इंद्रायणी तर आपल्या डोळ्यांदेखतचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून निवडत निवडत तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. डार्विनच्या १८५९च्या ग्रंथाचे पहिले प्रकरण माकडाविषयी नाहीच. ते पाळीव जनावरे आणि पिके यांच्याविषयी आहे, माणसाने बी निवडून आणि जोड्या लावून केलेल्या बदलांविषयी आहे. शेतकऱ्याला सगळ्यांत आधी पटेल असे ते पुस्तक आहे.

आता माणसाचे. सत्यपाल सिंह रसायनशास्त्र शिकलेले, पुण्याचे आणि पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. आयुष्यभर पोलिसात काढलेल्या माणसाने प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही म्हणून घटनाच घडली नाही असे म्हणावे, याचे मला खरोखर वाईट वाटते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका खटल्याच्या निकालात परिस्थितीजन्य पुरावा कसा तोलायचा याची पाच सूत्रे घालून दिली आहेत. साखळीची प्रत्येक कडी सिद्ध हवी, साखळी पूर्ण हवी, दुसरा कोणताही अर्थ लागता कामा नये. उत्क्रांतीचा पुरावा या कसाला लावून पाहावा.

दोनच कड्या घेतो. शेळीला आवळा किंवा लिंबू खावे लागत नाही, ती क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. आपल्याला ते बाहेरून घ्यावे लागते, कारण ते बनवणारे जनुक आपल्यात आहे पण मोडलेले आहे. चिंपांझीत, गोरिलात, मंदिराच्या कळसावर बसणाऱ्या आपल्या लाल तोंडाच्या माकडातही तेच जनुक मोडलेले आहे आणि मोडीच्या खुणा एकमेकींशी जुळतात. दोन संशयितांच्या जबानीत तीच चूक त्याच शब्दांत आली तर दोघांना कोणी एकानेच पढवले आहे, हे कोणताही ठाणे अंमलदार ओळखेल. दुसरी कडी: चिंपांझी-गोरिलांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३, आणि आपले दोन क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जोडून झाल्याच्या खुणा अजून त्यावर आहेत. आणि हो, आजच्या माकडाचा माणूस झाला असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणत नाही. दोघांचा पूर्वज एक होता, इतकेच म्हणणे आहे.

औरंगाबादच्या त्या भाषणानंतर दोनच दिवसांत देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून मंत्र्यांचे म्हणणे निराधार असल्याचे स्पष्ट सांगितले. खात्याचे तेव्हाचे कॅबिनेट मंत्री प्रकाश जावडेकर, आपले पुण्याचेच, त्यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी वक्तव्ये टाळायला सांगितले आणि विज्ञान पातळ करू नये, असे जाहीरपणे म्हटले. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तरी २०१९च्या जुलैत सत्यपाल सिंह लोकसभेत पुन्हा बोलले, आपण माकडांची नव्हे, ऋषींची संतती आहोत म्हणून. द्रमुकच्या खासदार कनिमोळी यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले की माझे पूर्वज ऋषी नव्हते, ते होमो सेपियन होते आणि माझे आई-वडील शूद्र होते. पूर्वजांच्या गौरवातून कोण वगळले जाते, हे त्या एका वाक्याने सभागृहाला कळले.

पण मला या भाषणांची भीती कमी वाटते. भाषणाला उत्तर देता येते. भीती वाटते ती गाजावाजा न करता फिरवलेल्या कात्रीची. करोनाकाळात मुलांवरचे ओझे कमी करायचे म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याच्या नावातही फक्त आनुवंशिकता उरली. साथ ओसरली, शाळा भरल्या, २०२३ ची नवी पुस्तके आली, तरी तो भाग परतला नाही. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले. उत्तर मिळाले की बारावीच्या जीवशास्त्रात हे आहे. बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? वाणिज्य घेणारा, आयटीआयला जाणारा, दहावीनंतर घरची शेती पाहणारा मुलगा उत्क्रांतीला शाळेत कधी भेटणार? बोंडअळी तर त्याच्याच शेतात येणार आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे, डार्विन, लॅमार्क, मानवाची उत्क्रांती, सगळे मराठीत आणि नीट मांडलेले. पौडच्या शाळेतली मुलगी जे शिकते, ते पुण्यातल्या महागड्या सीबीएसई शाळेतल्या तिच्या वयाच्या मुलाच्या दहावीच्या पुस्तकातून गेले. यात बालभारतीची थोरवी आहे आणि ती मोकळ्या मनाने सांगावीशी वाटते. आता काळजी अशी की २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात करून राज्याने सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायला घेतला आहे. दहावीची पाळी शेवटच्या टप्प्यात येईल. तेव्हा त्या पहिल्या धड्याचे काय होणार, हे आजच विचारायला हवे.

काही सज्जन मधला मार्ग सुचवतात. दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा क्रम आहेच, मग डार्विन वेगळा कशाला? जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार डार्विनहून सरस असल्याचे सांगितले होते. मला हा मार्ग दोन्हीकडे अन्यायाचा वाटतो. अवतार संकटात धावून येतो, त्याला हेतू असतो, भक्ताची त्याच्यावर श्रद्धा असते. बोंडअळीला हेतू नव्हता, ती फक्त उरली. श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला जोडायला गेलो की श्रद्धाही उणी होते आणि प्रयोगही बिघडतो. पुण्यात बसून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी स्पेन्सर आणि मिल वाचून मराठी माणसाला प्रत्येक समजूत बुद्धीच्या कसोटीवर घासायला सांगितले होते. तेव्हा त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. आज उत्क्रांतीचा धडा मुलांना मिळावा म्हणून बोलणाऱ्याला इतकी किंमत मोजावी लागत नाही, मग गप्प बसण्याचे कारण काय?

हा रोग आपल्या एकट्याचा नाही. २००७ मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय इच्छुकांना उत्क्रांती कोण मानत नाही असे विचारले, तेव्हा तिघांनी हात वर केले. तिथेच पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या पालकांनी २००४ मध्ये उत्क्रांतीच्या शिकवणीवरून शाळा मंडळाला कोर्टात खेचले आणि २००५ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनीच नेमलेल्या न्यायाधीशाने तो दिला. खटला भरणारे साधे गावकरी होते, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात येतो. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आपण ताम्हिणीचा रस्ता, चांदणी चौकातली कोंडी, धरणाकाठच्या गावांचे पाणी विचारतो. त्याबरोबर हेही विचारा: दहावीचे नवे पुस्तक येईल तेव्हा उत्क्रांतीचा धडा राहावा म्हणून तुम्ही विधानसभेत उभे राहाल का? पक्ष कोणताही असो, हो किंवा नाही यातले एक उत्तर घ्या. वाचून सांगतो म्हणाला तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते पुस्तक फुकट आहे, असे सांगा आणि पुढच्या सभेला पुन्हा विचारा.